गॅरेजच्या जागांची फेरआकारणी



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले आणि उद्या ताऱ्यांच्या जन्ममृत्यूवर होणार आहे. मधला दिवस चालकांनी नगरपरिषदेच्या जागांवरील पत्र्याच्या शेडींना दिला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. पत्रिका छापणाऱ्याने म्हणे फोन करून विचारले की, विषय हाच आहे ना, की एखाद्या जाहीर नोटिशीचा मजकूर चुकून इकडे आला? विषय हाच आहे.

आणि तो व्याख्यानमालेला परकाही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली ती 1875 साली. त्याच वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ज्यांची नोंद आहे तेच हे. त्या दंग्यांची कारणे पुष्कळ, परंतु त्यांतले एक आजच्या विषयाला अगदी चिकटून आहे. इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास इंग्रज सरकारने शेतसाऱ्याची तीस वर्षांची आकारणी केली. मुदत सरली तेव्हा 1867 साली फेरआकारणी झाली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी माजल्यामुळे इकडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. 1865 साली ती यादवी मिटली, भाव कोसळले. पण नवा सारा बसला तो चढ्या दिवसांच्या नजरेने. तीस वर्षे आकडा जागचा हलला नाही, आणि हलला तेव्हा एकदम उडी मारून हलला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा या साऱ्याचा प्रश्न हाती घेतला होता, आणि त्या सभेच्या कामात रानडे होते. जमिनीच्या धन्याने जमीन कसणाऱ्याकडून किती घ्यावे, हा प्रश्न तेव्हा सरकार आणि शेतकरी यांच्यामधला होता. आज तो आपल्या नगरपरिषदेत आणि गॅरेजवाल्यांत आहे. प्रमाण लहान, पण जात तीच.

आता आपल्या गावच्या गोष्टीकडे येऊ. एस. टी. स्टँडच्या मागच्या भिंतीपासून जकात नाक्यापर्यंत जी गॅरेजांची रांग आहे ती आपण सर्वांनी पाहिली आहे. जकात जाऊन आता पाव शतक उलटले, 1999 सालीच नगरपालिकांची जकात रद्द झाली. पण नाक्याचे नाव गेले नाही. त्या रांगेतली जमीन नगरपरिषदेची आहे. शेड मात्र ज्याची त्याने घातलेली आहे. खांब त्याचे, पत्रे त्याचे, विजेचे मीटर त्याचे, जमिनीवरची शहाबादी फरशी त्याची. नगरपरिषदेने दिली ती मोकळी जागा. पुष्कळांना वाटते की, ही मंडळी इतकी वर्षे तिथे आहेत, तर चार विटा लावून नीट बांधकाम का करीत नाहीत, गावाची शोभा का घालवतात? त्याचे उत्तर कायद्यात आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 92 अन्वये नगरपरिषदेला आपली स्थावर मिळकत सरकारच्या मंजुरीवाचून देऊन टाकता येत नाही. स्वतःच्या अधिकारात ती भाडेपट्ट्याने देता येते, पण एका वेळी तीन वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि घेणाऱ्याने तिथे पक्के बांधकाम करावयाचे नाही. तेव्हा पत्रा हा मिस्त्रीचा दळभद्रीपणा नव्हे. तीन वर्षांच्या कागदावर पत्राच उभा राहतो.

या जागांचे भाडे गेली कित्येक वर्षे जवळजवळ होते तेच राहिले. पट्टे संपले, नवे झाले नाहीत, पावत्या मात्र फाटत राहिल्या. नंतर प्रशासकांचा काळ आला. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021-22 मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या त्या थेट 2025 च्या डिसेंबरात. मधल्या काळात सभागृह नव्हते. ठराव मांडणारा, त्याला अनुमोदन देणारा आणि तो मंजूर करणारा एकच होता. त्या काळात भाड्याच्या फेरआकारणीचा ठराव झाला, मूल्यांकन करविले गेले आणि नोटिसा निघाल्या. नोटिशीत नवे भाडे जुन्याच्या अनेक पट आहे. ते मागील तारखेपासून लागू केले आहे, म्हणून थकबाकी आहे, आणि त्या थकबाकीवर दंडही आहे. ज्या वर्षांत नगरपरिषदेने स्वतः जुन्या दराने पैसे घेऊन शिक्क्याची पावती दिली, त्याच वर्षांची ही थकबाकी. आता सभागृह भरले आहे आणि हा विषय त्याच्यापुढे यायचा आहे. म्हणून त्यावर बोलण्याची वेळ हीच, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट सरळ सांगतो, कारण आमच्याकडून काही वेगळेच ऐकायला आलेले काही मित्र समोर बसलेले दिसतात. भाडे वाढले पाहिजे. आम्ही कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे काढली, आणि भाडेवाढ म्हटली की मुठी आवळायच्या, ही सवय आम्हांलाही आहे. तरीपण भाडे वाढले पाहिजे.

याचे कारण आम्हांला सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर सापडले. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले, बाकीचे त्या बाकावर. तिथे रिकार्डो नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची गाठ पडली. हा गृहस्थ शेअरबाजारात श्रीमंत झालेला, कामगारांचा कैवारी वगैरे मुळीच नव्हता. 1817 साली त्याने जो ग्रंथ लिहिला त्यात जमिनीच्या भाड्याची मोठी मार्मिक फोड केली आहे. तिचा आशय आमच्या शब्दांत असा की, धान्य महाग आहे म्हणून जमिनीला भाडे येते, भाडे आहे म्हणून धान्य महाग होत नाही. जमिनीचा मालक काही पिकवीत नाही; चांगल्या जागेवर जे जास्त निघते ते त्याच्या पदरात पडते, इतकेच. आता हे आपल्या रांगेला लावून पाहा. स्टँडमागची जागा पूर्वी बाभळीची होती. तिला किंमत आली ती कशाने? स्टँड झाले, रस्ता रुंद झाला, पलीकडे दवाखाने आले, गाव वाढले. ही किंमत मिस्त्रीने निर्माण केली नाही आणि मुख्याधिकाऱ्यांनीही केली नाही. ती सगळ्या गावाने मिळून केली. मग तिचा वाटा गावाच्या तिजोरीत जावा, हे न्यायाचे आहे. कामगार चळवळीच्या माणसाने तर याला सर्वांत आधी हो म्हटले पाहिजे.

दुसरे कारण आमच्या घरातलेच आहे. आमच्या संघटनेत गॅरेजमधले फिटर आणि हेल्पर आहेत, तसे नगरपरिषदेचे सफाई कामगारही आहेत, आणि त्यांत कंत्राटावरचे पुष्कळ. जकात गेल्यापासून कायम नोकरांच्या पगाराला सरकारचे अनुदान येते; कंत्राटावरच्या माणसाचा पगार मात्र नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाकडे डोळे लावून असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारफी आणि हे जागाभाडे, यांतून. दिवाळीला पगार लांबला म्हणून आम्ही त्यांना घेऊन नगरपरिषदेच्या पायरीवर बसलो होतो. त्याच पायरीवर पुढच्या महिन्यात गॅरेजवाल्यांना घेऊन बसायचे आणि भाडे वाढवू नका म्हणायचे, तर पायरी तरी काय म्हणेल? पहाटे पाचला जी बाई झाडू घेऊन त्या रांगेसमोरचे ऑइल आणि चिंध्या गोळा करते, तिची मजुरी आणि त्या रांगेचे भाडे एकाच वहीत लिहिले जाते. हे ज्याला दिसत नाही त्याने दोन्ही संघटना चालवू नयेत.

तेव्हा वाढ हवी. वाद आहे तो किती, कोणाकडून आणि कोणत्या नियमाने, याचा.

नियमाचे आधी घेऊ. आपल्यापैकी ज्यांची घरे भाड्याने आहेत त्यांना ठाऊक असेल की, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने खाजगी मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. त्याआधी 1947 चा मुंबई भाडे कायदा होता. त्याने भाडी 1940 च्या आकड्याला खिळवून ठेवली होती, ती इतकी की 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले, हे गोठवणे आता न्यायाला धरून राहिलेले नाही. म्हणजे भाडे कधीच वाढू नये असे कायदाही म्हणत नाही. मात्र हे दोन्ही कायदे नगरपरिषदेच्या जागेला लागूच नाहीत. सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागा त्यांतून वगळलेल्या आहेत. किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत राहणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते नगरपरिषदेच्या जागेवर पोट भरणाऱ्याला नाही.

असे का? आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हा सरळ पक्षपात वाटला. पण वगळण्याचे कारण न्यायालयांनी सांगून ठेवले आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. 1954 साली मुंबई गृहनिर्माण मंडळाच्या एका प्रकरणात आणि पुन्हा 1989 साली मुंबईच्या बंदराच्या विश्वस्तांविरुद्ध द्वारकादास मर्फतिया यांनी चालविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले त्याचा मथितार्थ असा: सार्वजनिक संस्था ही खाजगी मालकाप्रमाणे नफ्याच्या लोभाने भाडेकरूला नाडणार नाही, ती लोकहित पाहील, असा भरवसा आहे, म्हणून तिला या कायद्याच्या कचाट्यातून मोकळे ठेवले. आणि 1989 च्या निकालात याची दुसरी बाजूही सांगितली, की अशी सूट घेतलेल्या संस्थेने वाजवीपणानेच वागले पाहिजे आणि तिचे वर्तन तपासता येते. घरातल्या कर्त्या मुलाला बाप हिशेब विचारीत नाही, म्हणून त्याने तिजोरी उधळावी असे होत नाही. नगरपरिषदेला चार टक्क्यांची दोरी बांधलेली नाही ती ती भली आहे या समजुतीने. तिने ही सूट घ्यावी आणि वागावे मात्र मुंबईतल्या एखाद्या पागडीवाल्यासारखे, हे दोन्ही एकदम कसे चालेल?

नगरपरिषदेचे म्हणणे असे की, मूल्यांकन आम्ही मनाने केले नाही, रेडीरेकनरवरून केले. रेडीरेकनर म्हणजे सरकारचा बाजारमूल्याचा वार्षिक तक्ता. तो मुळात खरेदीखतावर मुद्रांक किती लावायचा, हे ठरविण्यासाठी आहे. म्हणजे जागा विकली तर काय येईल, याचा तो अंदाज. पण मिस्त्री ती जागा विकू शकत नाही. गहाण ठेवू शकत नाही. तिच्यावर वीट रचू शकत नाही. तीन वर्षांच्या पलीकडे ती आपली राहील असे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जो विकण्याच्या हक्काचा भाव आहे तो बसण्याच्या हक्काला लावला, की आकडा फुगणारच. शिवाय त्या तक्त्यात रकाने असतात. खुली जमीन निराळी, निवास निराळा, कार्यालय, दुकान, औद्योगिक निराळे. नोटिशीतला आकडा आम्ही उलटा सोडवून पाहिला. तो दुकानाच्या रकान्याशी जुळतो. दुकान म्हणजे बांधलेले दुकान! नगरपरिषदेने दिली आहे मोकळी जमीन, आणि शेड आहे भाडेकरूची. म्हणजे मिस्त्रीने स्वतःच्या पैशाने घातलेल्या पत्र्याचे भाडे नगरपरिषद मिस्त्रीकडूनच मागते आहे.

टक्का कोणता लावावयाचा, यातही गंमत आहे. महानगरपालिकांच्या मिळकतींसाठी सरकारने 2019 साली नियम केले, त्यात बाजारमूल्याच्या आठ टक्के भाडे धरले होते. जळगाव, कोल्हापूर अशा शहरांतून गाळेधारकांनी मोठी ओरड केली. 2023 साली नियम बदलले आणि तो टक्का एकाच्याही खाली आणला. आता हिशेब करा. समजा, जागा 20 चौरस मीटर आहे आणि तक्त्यातला भाव चौरस मीटरला 30 हजार रुपये आहे. जागेची किंमत झाली 6 लाख. आठ टक्क्यांनी वर्षाचे भाडे 48 हजार, म्हणजे महिन्याला 4 हजार. एक टक्क्याने वर्षाचे 6 हजार, म्हणजे महिन्याला 500. जागा तीच, तक्ता तोच, गाव तेच. चार वर्षांत सरकारचे मत बदलले आणि भाडे आठवा हिस्सा झाले. मग यातले शास्त्रशुद्ध कोणते म्हणावे? मूल्यांकन हा शब्द फार भारदस्त आहे. आत पाहिले तर एक टक्का असतो, आणि तो कोणीतरी ठरविलेला असतो. आपली नगरपरिषद महानगरपालिका नव्हे, ते नियम तिच्यासाठी केलेले नाहीत. पण आठ टक्क्यांची हवा इकडे वाहत आली आणि नंतरची दुरुस्ती मात्र वाटेतच राहिली, असे दिसते.

साधा चार टक्क्यांचा नियम लावला असता तर काय झाले असते? वीस वर्षांपूर्वी ज्याचे भाडे हजार रुपये होते त्याचे आज 2,191 झाले असते. कोणी हूं की चूं केले नसते. दरवर्षी चहाच्या किमतीसारखे ते वाढले असते, आणि तिजोरीत वीस वर्षे थोडे थोडे जास्त येत राहिले असते. ते पैसे गेले. मिस्त्रीने पळविले नाहीत. मागितलेच नाहीत म्हणून गेले. विलायतेत पुष्कळ नगरपालिकांच्या मालकीची गॅरेजे आहेत. तिकडे गॅरेज म्हणजे मोटार ठेवण्याची खोली, आणि काही ठिकाणी नुसती जागा नगरपालिकेची व खोली भाडेकरूने घातलेली, अगदी आपल्यासारखी. त्यांचे दर सर्वसाधारणपणे दरसालच्या अंदाजपत्रकाबरोबर तपासले जातात. कुरकुर तिकडेही होते, पण वीस वर्षांची झोप आणि नंतर खडबडून जागे होणे, हा प्रकार त्यामुळे टळतो. इतके घेण्यासारखे आहे. बाकी त्यांच्या गॅरेजांत हल्ली नव्या रुंद मोटारी मावत नाहीत आणि लोक तिथे जुने सामान भरून ठेवतात, ते त्यांचे त्यांना लखलाभ.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: कोणाकडून? या ठिकाणी आम्हांला आमच्याच माणसांबद्दल बोलले पाहिजे.

त्या रांगेत भाडेकरू म्हणून ज्यांची नावे आहेत ते सगळे एका प्रकारचे नाहीत. काही जण स्वतः पाना हातात धरतात. सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली, मदतीला एखादा पोऱ्या. यांचा धंदाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बी. एस. सहाच्या आल्या. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. आवाज ऐकून इंजिनाचा दोष सांगणारा मिस्त्री आता स्कॅनर लावल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि स्कॅनर फुकट येत नाही. हमीच्या मुदतीतली गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. विजेच्या स्कूटरीला तर ऑइलच नाही. ज्याला आपण भरपूर कमावणारा गॅरेजवाला समजतो त्याच्याकडे येते ते पंक्चर, ब्रेक, क्लच-प्लेट, आणि ज्यांच्या गाडीची हमी संपली आहे आणि खिसाही, अशी आपल्यासारखी माणसे. रांगेच्या टोकाला पंक्चर काढणाऱ्या एक भगिनी आहेत. नवरा वारला; पट्टा त्याच्या नावाचा; वारसनोंदीचा अर्ज दिलेला आहे आणि तो अजून अर्जच आहे. नोटीस आली ती मयताच्या नावाने.

दुसरे काही जण धंदा चांगला चालवतात, चार-पाच माणसे ठेवतात, डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांना वाढ सोसेल, आणि ते तसे खाजगीत म्हणतातही.

आणि तिसरे कागदवाले. यांच्याजवळ पट्टा आहे, पाना नाही. जागा त्यांनी कधीच दुसऱ्याला दिलेली आहे. नगरपरिषदेला जुने भाडे भरायचे, पोटभाडेकरूकडून बाजारभावाने घ्यायचे, आणि मधला फरक घरी न्यायचा. यांत कोणी व्यापारी आहेत, कोणी माजी नगरसेवकांचे आप्त आहेत, आणि आमच्या संघटनेची पावती फाडणारेही आहेत. गेल्या महिन्यातल्या आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक जण उठून म्हणाले, "साहेब, घरातले भांडण रस्त्यावर कशाला?" आम्ही त्यांना म्हटले की, रस्त्यावर आधी तुमचा पोटभाडेकरू आहे. तो महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या दारात पैसे घेऊन उभा असतो, त्याचे आणि आमचे घर एक आहे की नाही, ते तुम्हीच सांगा.

नगरपरिषदेने सर्वांना सारखीच नोटीस काढली. समान न्याय म्हणून ते दिसायला बरे दिसते. पण त्याचा परिणाम पाहा. स्वतः राबणाऱ्या मिस्त्रीला आजवर भाड्यात जी सवलत होती ती त्याच्या घरात डाळ-तांदूळ होऊन गेली. वाढ आली की ती त्याच्या ताटातून निघेल. कागदवाल्याची गोष्ट वेगळी. कोणी म्हणेल, तो वाढ पोटभाडेकरूवर ढकलील. रिकार्डोने जे सांगितले ते इथे उपयोगी पडते. पोटभाडेकरू आजच बाजारात जितके मिळेल तितके देतो आहे. त्याहून जास्त मिळत असते तर कागदवाल्याने ते आधीच घेतले असते, धर्म म्हणून सोडले नसते. तेव्हा तिथे वाढ करून खरोखर कमी होते ती मधल्याची मिळकत. गावाने निर्माण केलेली किंमत आज जिथे अडकून पडली आहे ती जागा हीच. एकाला जे जड आहे तेच दुसऱ्याला हलके आहे, आणि दोघांना एकच आकडा लावला तर मिस्त्री उठेल व कागदवाला टिकेल. शिवाय मिस्त्री उठला की लिलाव होईल, आणि लिलावात बोली लावायला कोण उभा राहील ते सांगायला नको.

लिलावाबद्दलही दोन शब्द. सार्वजनिक मिळकत कोणाला चोरून, वशिल्याने देऊ नये, जाहीरपणे द्यावी, हे तत्त्व योग्य आहे आणि न्यायालयेही त्याचा आग्रह धरतात. रिकाम्या जागेचा लिलाव जरूर करा. पण जिथे माणूस बसलेला आहे, गिऱ्हाईक त्याच्या हाताला ओळखते, शेड त्याची आहे, तिथल्या लिलावात तो स्वतःच्या नावलौकिकाविरुद्ध बोली लावतो. त्याने वीस वर्षे जमविलेले गिऱ्हाईक दुसरा बोलीत विकत घेऊ पाहतो, आणि त्याचे पैसे मात्र नगरपरिषदेला मिळतात.

आमचे म्हणणे असे आहे. सभागृहाने आकड्यावर चर्चा करण्याआधी पाहणी करावी. प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष कोण काम करतो, किती माणसे राबतात, पट्टा कोणाच्या नावाचा, वारस कोण, पोटभाडेकरू असेल तर तो कोणाला काय देतो. 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अशी माहिती संस्थेने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते, तेव्हा ही यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागावी, आमच्या सभासदांच्या नावांसकट. जिथे मधला माणूस आहे तिथे पट्टा कायद्याच्या रीतीने प्रत्यक्ष राबणाऱ्याच्या नावे करावा. त्याच्याकडून तो आज मधल्याला देतो त्याहून कमी आणि नगरपरिषद आज घेते त्याहून बरेच जास्त, असे भाडे घ्यावे. तिजोरी भरेल, मिस्त्रीचे ओझे हलके होईल आणि एकाचेच नुकसान होईल. त्याच्याविषयी आम्हांला फार वाईट वाटत नाही. जिथे मिस्त्री स्वतःच भाडेकरू आहे तिथे खुल्या जमिनीचा रकाना धरून, टप्प्याटप्प्याने वाढ करावी, आणि पुढे दरवर्षी चार टक्क्यांचा नियम नगरपरिषदेने आपण होऊन स्वतःला लावून घ्यावा. कायद्याने लावलेला नाही म्हणूनच ठरावाने लावून घ्यावा. ज्या वर्षांच्या पावत्या दिलेल्या आहेत त्या वर्षांची थकबाकी आणि तिच्यावरचा दंड, हे दोन्ही काढून टाकावे. आणि वाढीव उत्पन्नाला अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष द्यावे, त्यातून कंत्राटी सफाई कामगारांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला भागवावा. म्हणजे रांगेतल्या मिस्त्रीलाही कळेल की आपला पैसा कोणत्या घरी गेला. ही अट ऐकून एक मिस्त्री आम्हांला म्हणाला, "मग पावतीवर तसं छापा, मी भिंतीवर लावतो." छापायला काय हरकत आहे?

एक अडचण आम्हांला दिसते ती बोलून ठेवतो. पाहणी जाहीर झाली की दोन दिवसांत सगळे कागदवाले मिस्त्री होतील. कपाळाला ग्रीस लावून बसतील, पोटभाडेकरूला चार दिवस गावी पाठवतील, तो नोकर आहे असे लिहून घेतील. म्हणून पाहणी नोटीस देऊन एका दिवसात उरकू नये. तीन निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी व्हावी. तिच्यात नगरपरिषदेचा एक माणूस असावा, संघटनेचा एक, आणि तिसरा या रांगेशी काही संबंध नसलेला, एखादा निवृत्त शिक्षक म्हणा किंवा या सभागृहातलाच कोणी. आपल्यापैकी कोणी तयार असेल तर व्याख्यान संपल्यावर आम्हांला भेटावे. गॅरेजवाल्या बांधवांना आमचे सांगणे इतकेच की, निषेध म्हणून त्या तीन दिवसांत शटर खाली ओढू नका. गाडी वर घेतलेली असू द्या, काम चालू असू द्या, म्हणजे बघायला येणाऱ्याला पाना कोणाच्या हातात आहे ते दिसेल.